कारण : मातेची इच्छा

ज्या यंत्रानं रेवाच्या मनगटावर पिवळी पट्टी आणली, ते यंत्र रेवाची आईच रोज चालवत होती.

मयूरी शिंत्रे मिरजेच्या सरकारी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. सकाळी शाळाशाळांतून थंड पेट्या यायच्या. त्यांत बोटाएवढ्या नळ्यांमध्ये मुलांच्या शौचाचे नमुने असत, आणि प्रत्येक नळीवर नाव नाही, फक्त एक क्रमांक. मयूरी त्या नळ्या ओळीनं यंत्रात लावायची, झाकण बंद करायची, आणि चार तासांनी पडद्यावर एकेका मुलाचा 'आद्यलेख' उमटायचा. खाली तिनं अंगठा टेकवला की तो शाळेकडे रवाना. गेल्या वर्षभरात तिनं असा अकरा हजार वेळा अंगठा टेकवला होता. त्यातली एक खेप स्वतःच्या मुलीची होती, हे तिला रेवा पिवळी पट्टी घालून घरी आली तेव्हा कळलं.

आद्यलेखामागचं विज्ञान मयूरीला तोंडपाठ होतं, आवडायचंही. आईच्या पोटातल्या बाळाचं आतडं जवळजवळ ओसाड असतं. जन्माच्या वाटेवर तिथे पहिली वस्ती पडते. नैसर्गिक बाळंतपणात ती आईच्या अंगच्या जीवाणूंची असते. सिझेरियनमध्ये बाळ त्या वाटेनं येतच नाही, त्यामुळे पहिले रहिवासी असतात कातडीवरचे, हातमोज्यांवरचे, खोलीतल्या हवेतले. पुढे अंगावरचं दूध, माती, वरणभात यांच्याबरोबर बाकीचे येत राहतात आणि दोन-तीन वर्षांत दोन्ही वस्त्या जवळपास सारख्या दिसू लागतात. म्हणून पहिलं कोण आलं होतं हे नंतर सांगता येणार नाही, असंच सगळे धरून चालले होते.

तो समज खोटा ठरला. जीवाणूंवरही विषाणू हल्ला करतात. त्यातून वाचलेला जीवाणू त्या विषाणूचा एक तुकडा आपल्या जनुकसूत्रात टाचून ठेवतो, पुन्हा आला तर ओळखता यावा म्हणून. हे तुकडे क्रमानं लागतात, नवा पुढे, जुना मागे, आणि ती यादी पिढ्यान् पिढ्या चालत राहते. नऊ वर्षांच्या मुलाच्या आतड्यातल्या अशा हजारो याद्या एकदम वाचायच्या, त्यांची सर्वांत जुनी टोकं जुळवायची, की पहिल्या दिवसाची वस्ती पुन्हा उभी करता येते. मूल कोणत्या वाटेनं आलं एवढंच नाही, तर शस्त्रक्रियेआधी आईला कळा सुरू होऊन पाणमोट फुटली होती की नाही, हेही त्यातून कळतं.

आणि त्या पहिल्या वस्तीचा मुलाच्या वजनाशी काहीतरी संबंध होता, हेही खरं. योजनेच्या आकडेवारीत नैसर्गिक जन्माच्या शंभर मुलांत पंधरा लठ्ठ निघत; कळांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांत एकोणीस. म्हणजे शंभरांत चार जास्त. त्या चारांतही किती पहिल्या वस्तीमुळे, किती आईच्या वजनामुळे, किती औषधांमुळे आणि घरच्या खाण्यामुळे, हे अजून कुणाला नीट सुटं करता आलं नव्हतं. एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली की फरक आणखी खाली यायचा. हे सगळं मूळ अहवालात छापलेलं होतं, एकशे बाराव्या पानावर. शाळांपर्यंत पोचेपर्यंत त्याचं एकच वाक्य उरलं होतं : सिझरची मुलं लठ्ठ होतात.

मग 'सुदृढ बालक योजना' आली. कळांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना मनगटावर पिवळी पट्टी. दुपारच्या जेवणाला त्यांची वेगळी रांग, ताटात एकच पोळी, शिरा आणि शेंगदाण्याचे लाडू बंद. मैदानाला चार फेऱ्या जास्त. महिन्याभरात बाकीच्या मुलांनी त्यांना नाव शोधून काढलं. कापीव. कापीवांची रांग, कापीवांचा संघ. 'ए कापीव, तुला लाडू नाही.'

रेवा अंगानं भरलेली होती, पण लठ्ठ नव्हती. वर्गातल्या कुठल्याही मुलाला कुस्तीत पाडेल अशी पोरगी. पट्टी आल्यापासून मात्र ती घरी येऊन गप्प बसू लागली. घरून दिलेला छोट्या सुट्टीचा डबा रिकामा यायचा, म्हणून मयूरीला काही संशय आला नाही.

तीन आठवड्यांनी शाळेतून फोन आला.

"रेवाच्या आई का? मी ससाणे, आरोग्य-शिक्षक. जरा येता का? रेवा फेऱ्या मारताना चक्कर येऊन पडली."

मयूरी धावतपळत पोचली तेव्हा रेवा शिक्षकांच्या खोलीत बाकावर आडवी होती. ओठ पांढरे पडलेले. मयूरीनं तिच्या पाठीखाली हात घातला, तर हाताला फासळ्या लागल्या. तीन आठवड्यांत पोरीचं अंग निम्म्यावर आलं होतं आणि ते रोज डोळ्यांसमोर असलेल्या आईला दिसलं नव्हतं.

"काय खाल्लंस आज?"

रेवानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"डबा कुणाला देतेस?"

"कुत्र्यांना," रेवा म्हणाली. "शाळेमागच्या."

"का?"

"पट्टी निघायला हवी म्हणून."

ससाणे सर टेबलापलीकडे बसले होते. माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या हातात सरकारी पुस्तिका होती आणि पुस्तिकेवर त्याचा पूर्ण विश्वास होता. "बघा, डबा टाकून देणं चूकच," तो म्हणाला, "पण थोडी भूक मारायची सवय या मुलांना लागलीच पाहिजे. ठरवून सिझर केलेल्या मुलांत धोका जास्त असतो. आता मातांनी त्या वेळी दोन कळा सोसल्या असत्या, तर पोरांवर ही पाळी आली नसती, असं मी म्हणत नाही. पण..."

"म्हणताय की."

"मी नाही, फॉर्मच म्हणतो." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

रेवाचं पान होतं. नाव, वर्ग, वजन. जन्मप्रकार : कळांपूर्वी शस्त्रक्रिया. त्याखाली एक चौकट. कारण : मातेची इच्छा.

मयूरीनं ते दोन वेळा वाचलं. "हे कुणी भरलं?"

"प्रणाली आपोआप भरते. दवाखान्याच्या जुन्या नोंदींतून."

"चुकीचं आहे हे. माझं ठरवून सिझर नव्हतं. बाळाचे ठोके मंदावले होते, म्हणून तातडीनं करावं लागलं."

"मग कागद आणा ना," ससाणे सर अगदी सहज म्हणाले. "वैद्यकीय गरज सिद्ध झाली तर चौकट बदलता येते. पट्टीसुद्धा निघते. प्रसूतीच्या सगळ्या नोंदी आता राज्य अभिलेखात आहेत. अर्ज केला की आठ दिवसांत मिळतात."

मयूरी रेवाला घेऊन घरी आली. सासूबाई दारातच होत्या. अलकाबाई शिंत्रे, वय सासष्ट, तीन गल्ल्यांत शब्दाला मान. त्यांनी नातीला कुशीत घेतलं, लिंबूपाणी पाजलं, आणि मयूरी शेजारी उभी असताना पोरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "काय करायचं बाळा, आजकालच्या बायकांना कळा नको असतात. भोगायचं पोरांनी."

"आई," मयूरी म्हणाली, "तुम्ही होता तिथे. ठोके पडले होते ते तुम्हाला माहीत आहे."

"हो बाई, होते की मी," सासूबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

हर्षद संध्याकाळी कामावरून आला. तो कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. शांत स्वभावाचा, आवाज न चढवणारा नवरा म्हणून माहेरचे त्याचं नेहमी कौतुक करत. मयूरीनं त्याला सगळं सांगितलं. रेवा पडली हे ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अभिलेखात अर्ज करणार म्हटल्यावर तो एकदम चहाच्या कपात बघू लागला.

"कशाला जुनं उकरत बसायचं? शाळा बदलू आपण."

"सगळ्या शाळांत हीच योजना आहे."

"मग घरूनच दोन वर्षं... बघू काहीतरी. कागद काढून काय मिळणार?"

"पट्टी निघेल, हर्षद. आणि ती चौकट खोटी आहे."

मयूरीनं त्याच्यासमोरच अर्ज भरला.

कागद सहाव्या दिवशी आले. दुपारची सुट्टी होती. प्रयोगशाळेच्या जेवणाच्या खोलीत, समोर डबा उघडा ठेवून तिनं फोनवर ते वाचायला घेतले. तंत्रज्ञ असल्यामुळे तिला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाळाचे ठोके : मिनिटाला एकशे बेचाळीस. नियमित. आलेख सोबत. तिनं आलेख मोठा करून पाहिला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही घसरण नव्हती. इतका स्वच्छ आलेख शिकाऊ मुलांना नमुना म्हणून दाखवावा.

शस्त्रक्रियेचं कारण : नातेवाइकांची विनंती. जन्म सकाळी १०.४० ते १०.५५ दरम्यान अपेक्षित.

प्रत्यक्ष जन्म : १०.४७.

सोबत एक विनंतीपत्र होतं, छापील, दोन ओळींचं. खाली सही. हर्षदची सही तिनं अंधारातही ओळखली असती. 'ह'ची शेपटी तो नेहमी लांब ओढायचा.

मयूरीला तो दिवस लख्ख आठवत होता. अडतिसावा आठवडा. नुसती तपासणी म्हणून गेली होती. जरा कंबर भरून आली होती, एवढंच. पोटावर पट्टा बांधला, यंत्र टिकटिकत राहिलं, आणि डॉक्टर वैजयंती कारखानीस पडद्याकडे बघून म्हणाल्या, "ठोके मंदावताहेत. आता थांबण्यात अर्थ नाही." मयूरीनं लगेच सही केली होती. टेबलावर पडल्या पडल्या ती एकच विचारत होती, माझं बाळ जगेल ना. पुढचं वर्षभर ती झोपलेल्या रेवाच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. दुसरं मूल हवं होतं तिला, फार हवं होतं. पण तो क्षण पुन्हा भोगायची छाती झाली नाही, म्हणून तिनं तो विषय कायमचा मिटवला होता. आणि रेवाच्या प्रत्येक वाढदिवसाला ती कारखानीस बाईंना पेढे नेऊन देत होती. नऊ वर्षं. पाया पडून.

आणि फॉर्ममध्ये 'नातेवाइकांची विनंती' अशी चौकटच नव्हती. तिथे दोनच पर्याय होते : वैद्यकीय गरज, नाहीतर मातेची इच्छा. म्हणून प्रणालीनं बाकी सगळ्यांची इच्छा उचलून आईच्या नावावर टाकली होती.

शेजारी बसलेल्या शबानानं विचारलं, "काय झालं गं?" शबाना तिची जुनी सहकारी. तिचा मुलगा सिझेरियनमुळेच वाचला होता, नाळ गळ्याभोवती दोनदा गुंडाळलेली असताना. मयूरीनं फोन तिच्यासमोर सरकवला. शबानानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाली, "'ठोके मंदावलेत' या ज्या शब्दांनी माझं पोर वाचवलं, तेच शब्द यांनी तुला फसवायला वापरले."

मयूरीनं अर्धी रजा टाकली आणि थेट कारखानीसांच्या घरी गेली.

डॉक्टरबाई आता निवृत्त होत्या. बागेत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मयूरीला बघून हसल्या. "अगं, आज वाढदिवस नाही ना रेवाचा?"

"ठोके किती होते, बाई?"

हसू हळूहळू मावळलं. मयूरीनं फोनवर कागद उघडून पुढे धरला. बाईंनी चष्मा लावला नाही. वाचायची गरजच नव्हती.

"तुझ्या घरच्यांची इच्छा होती," त्या म्हणाल्या. "अकरापर्यंत अनुराधा नक्षत्र होतं. पुढचे दोन दिवस ज्येष्ठा आणि मूळ. मी तपासलं तेव्हा दोन दिवसांत कळा सुरू होतील अशी चिन्हं होती. मुळावर पोर जन्माला येईल म्हणून तुझ्या सासूबाई माझ्यासमोर रडल्या. मी एकटीच नव्हते असं करणारी. त्या काळी घरोघरी मुहूर्त काढून आणायचे."

"मला का नाही विचारलंत?"

"तू तयार झाली नसतीस."

मयूरीनं पुढे धरलेला फोन खाली घेतला.

"आणि उगाच ताण नको म्हणून तुला ठोक्यांचं सांगितलं," बाई पुढे म्हणाल्या. "अडतीस आठवडे झाले होते. धोका काहीच नव्हता. बाळ ठणठणीत, तूही ठणठणीत. मग झालं काय एवढं?"

"ताण नको म्हणून?" मयूरीचा आवाज चढला. कुंपणापलीकडे कुणीतरी थांबून बघू लागलं. "तुझं बाळ मरतंय, हे सांगितलंत तुम्ही मला. ताण नको म्हणून! धोका नव्हता म्हणता. धोका असता तर मी स्वतः म्हणाले असते, फाडा, दहा वेळा फाडा. मी तुमच्या पाया पडत होते बाई. तुम्ही पेढा तोंडात टाकून मला आशीर्वाद देत होता. एकदाही घशात अडकला नाही?"

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली नाही. "चिडून बोलतेस तू. शांत झालीस की समजेल," त्या म्हणाल्या.

"शांत मी नऊ वर्षं होते," मयूरी म्हणाली आणि वळली.

घरी हर्षद आधीच आलेला होता. सासूबाई देवापुढे वाती वळत होत्या. रेवा शेजारच्या मैत्रिणीकडे होती. बरं झालं, असं मयूरीला वाटलं. तिनं कागद छापून आणला होता. तो तिनं दोघांच्या मधे जमिनीवर ठेवला.

हर्षदनं तो उचललाच नाही. "मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"आधी वाटलं, तू बरी झालीस की सांगू. मग रेवा लहान होती. मग... इतका उशीर झाला होता की कसं सांगावं ते कळेना."

"रोज सांगता आलं असतं. मी तिच्या नाकाला बोट लावून बसायचे तेव्हा तू शेजारी होतास. दुसरं मूल नको म्हणाले, तेव्हा तू माझा हात धरून म्हणालास, तुझी भीती मला समजते. काय समजत होतं तुला? सगळं खोटं आहे हे समजत होतं?"

हर्षद रडू लागला. मयूरीला त्याची कीव आली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सासूबाई वाती बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्याला काही बोलू नकोस. मी सांगितलं म्हणून त्यानं सही केली. पोरीच्या भल्यासाठी केलं. मुळावरच्या पोरीला कुणी करून घेतं का?"

"मग कळा सोसल्या नाहीत म्हणून मला का ऐकवलंत? रेवासमोर?"

सासूबाईंनी वात पुन्हा हातात घेतली.

"सांगा ना आई. मुहूर्त तुमचा, सही तुमच्या मुलाची, खोटं डॉक्टरांचं. माझं काय होतं त्यात? पोट. नुसतं पोट माझं होतं. आणि पोर उपाशी राहून पडली तेव्हा दोष माझा. हे कुठलं गणित?"

"माझी चूक झाली असेल," सासूबाई म्हणाल्या, "पण घरातली गोष्ट घरात राहू दे."

"नाही राहणार."

दुसऱ्या दिवशी मयूरीनं राज्य वैद्यकीय परिषदेच्या चौकशी समितीकडे तक्रार नोंदवली. गैरअर्जदारांच्या रकान्यात डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि साक्षीदारांच्या रकान्यात नवऱ्याचं. आठवड्याच्या आत तिनं प्रयोगशाळेजवळ दोन खोल्या पाहिल्या आणि रेवाला घेऊन तिकडे राहायला गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. निघताना हर्षदनं बॅग उचलली, तर तिनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

शाळेत महिन्याची पालकसभा होती. ससाणे सरांनी पडद्यावर पिवळ्या पट्टीच्या मुलांचं वजन कसं घटतंय त्याचा आलेख लावला. रेवाचा बिंदू सर्वांत खाली होता. तो दाखवून ते म्हणाले, "ही विद्यार्थिनी बघा. उत्तम प्रगती."

मयूरी उठून उभी राहिली.

"ती माझी मुलगी आहे. ती प्रगती म्हणजे उपासमार आहे. आणि हे यंत्र मी चालवते." सभेत सगळे वळून बघू लागले. "ते यंत्र खोटं बोलत नाही. तुमचं मूल पहिल्या दिवशी कसं आलं, ते बरोबर सांगतं. पण पुढे ते लठ्ठ होणार की नाही, हे सांगत नाही. शंभरांत पंधराऐवजी एकोणीस, एवढाच फरक आहे. म्हणजे पट्टी लावलेल्या शंभरांतली एक्क्याऐंशी मुलं कधीच लठ्ठ होणार नाहीत, आणि ज्यांना पट्टी नाही त्यांतली पंधरा होतील. त्यांच्याकडे कोण बघणार? सगळ्यांनाच चांगलं जेवण द्या, सगळ्यांनाच पळवा. पोरांना रांगेत वेगळं उभं करायला कुठलं विज्ञान सांगतं?"

"मॅडम, योजना वरून आली आहे," ससाणे सर म्हणाले.

"आली असेल. पण खाली अंगठा माझा असतो. अकरा हजार वेळा मी तो टेकवला, आणि पुढे काय होतं हे एकदाही विचारलं नाही. ती माझी चूक, आणि त्याबद्दल मी इथल्या प्रत्येक मुलाची माफी मागते. आजपासून पट्टीसाठी जाणाऱ्या एकाही लेखावर मी अंगठा लावणार नाही. काय कारवाई करायची ती करा." ती श्वास घ्यायला थांबली. "आणि ज्या ज्या आईच्या फॉर्मवर 'मातेची इच्छा' लिहिलंय, तिनं आपले कागद मागवा. ती इच्छा खरंच तुमची होती का, ते एकदा बघा. ज्यांची होती, त्यांनीही मान खाली घालू नका. तो तुमचा हक्क होता."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेत एक बाई नुसतीच उभी राहिली, कडेवर लहान मूल घेऊन. मग तिच्या पुढची. सभा संपल्यावर दाराशी सात जणींनी मयूरीला गाठून अर्ज कसा करायचा ते विचारलं. महिन्याभरात त्या एका शाळेतून एक्केचाळीस अर्ज गेले. सगळ्याच काही फसवलेल्या निघाल्या नाहीत. बहुतेकींच्या कागदांत खरीच गरज होती, प्रणालीनं ती उचललीच नव्हती; काहींत खरोखर आईनंच मागणी केली होती. पण नऊ जणींच्या कागदांवर 'नातेवाइकांची विनंती' होती आणि त्यांतल्या सहा जणींना ठोक्यांचीच गोष्ट सांगितली गेली होती.

मयूरीला निलंबनाची नोटीस आली. शबानानं तिच्या जागी यंत्रावर बसायला नकार दिला. नळ्यांच्या पेट्या शीतगृहात साचत गेल्या.

समितीची सुनावणी ऑक्टोबरात झाली. तीन सदस्य, मधे एक वयस्कर डॉक्टर. त्यांनी कागद चाळले, डॉक्टर कारखानीसांचं म्हणणं ऐकलं, आणि चष्मा काढून मयूरीला विचारलं, "बाई, शस्त्रक्रिया निर्दोष झाली. माता आणि मूल सुखरूप. मुलीचं वजनही आज प्रमाणात आहे. मग तुमची नेमकी हानी कोणती?"

मयूरीनं बरीच तयारी केली होती. मुद्दे लिहून आणले होते. तो कागद तिनं उघडलाच नाही.

"माझं शरीर उघडलं, ते खोटं सांगून उघडलं," ती म्हणाली. "चोरानं काही न नेता कुलूप फोडलं, तर तुम्ही काय हानी झाली म्हणून विचारता का? मुलगी जाडी झाली असती तर माझी तक्रार खरी ठरली असती, आणि बारीक आहे म्हणून खोटी? तिच्या वजनाचा इथे संबंधच नाही. मला एक मूल आणखी हवं होतं. या खोट्यानं मी इतकी घाबरले की ते होऊ दिलं नाही. ते कुठल्या आलेखात दिसत नाही, साहेब. पण ते नाही, एवढं खरं."

मधल्या डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला.

मग हर्षदला बोलावलं. विनंतीपत्र त्याच्यासमोर ठेवलं. डॉक्टरांच्या वकिलानं आधीच सुचवून ठेवलं होतं की पत्नीशी तोंडी चर्चा झाली होती, असं त्यानं म्हटलं तर प्रकरण इथेच मिटेल. हर्षदनं मयूरीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "तिला काही माहीत नव्हतं. तिला कळू नये असं आम्हीच ठरवलं होतं. आम्ही तिघांनी."

"तिघं म्हणजे?"

"मी, माझी आई आणि डॉक्टरबाई."

निकाल डिसेंबरात लागला. डॉक्टर कारखानीसांची नोंदणी रद्द झाली. त्या निवृत्त होत्या, त्यामुळे त्यांचं फारसं काही बिघडलं नाही. एवढंच, की दारावरची पाटी उतरवावी लागली. त्या नऊ जणींच्या कागदांमुळे पट्ट्यांची योजना फेरतपासणी होईपर्यंत जिल्ह्यात थांबली आणि फॉर्ममध्ये तिसरी चौकट आली. मयूरीचं निलंबन मागे घेतलं गेलं. सासूबाईंनी कुणाजवळ काही कबूल केलं नाही.

त्या रविवारी हर्षद मयूरीच्या खोल्यांवर आला. तो दर रविवारी रेवाला फिरायला न्यायला यायचा आणि उंबऱ्याबाहेरच थांबायचा. आज मात्र तो लगेच हाक मारेना.

"निकाल लागला," तो म्हणाला. "मी खरं बोललो."

"बोललास."

"मग आता तरी राग गेला का?"

"नाही."

"कधी जाईल?"

मयूरीनं खरंच विचार केला. "माहीत नाही, हर्षद. तुला बरं वाटावं म्हणून मी आता काही खोटं सांगणार नाही. जाईल तेव्हा जाईल. नाही गेला तर नाही गेला."

त्यानं मान हलवली. आत रेवा जेवायला बसली होती. पट्टीच्या जागी मनगटावर अजून एक फिकट गोल वळ दिसत होता. तिनं तोंडात घास असतानाच हाक मारली.

"आई, अजून एक पोळी आहे का?"

"करते," मयूरी म्हणाली. तिनं दार लावलं नाही, हर्षदला आत ये असंही म्हणाली नाही. ती आत गेली आणि तिनं तवा पुन्हा शेगडीवर ठेवला.